सासऱ्यांच्या डोक्यावरचं कर्ज

अख्ख्या खालापूर तालुक्यात देशाचं कर्ज मनावर घेतलेला माणूस एकच, आमचे सासरे. टीव्हीवर कुणीतरी बोललं, सरकारनं एवढं कर्ज काढलंय की प्रत्येकाच्या डोक्यावर थोडंथोडं येतं. बाकी आमच्या लोधिवली गावानं चॅनल बदललं, सासऱ्यांनी टोपी काढून डोकं चाचपलं. तवापासून सरकारी वस्तू दिसली की हे राखणीला उभे. भर दुपारी रस्त्यावरचा दिवा जळत असला तर वायरमनला जेवणावरनं उठवणार. दवाखान्याच्या पायरीवर बकरी बसली तर तिला म्हणणार, "ऊठ गं बाय, व्याज चालू हाय." नव्या डांबरावरनं चपला हातात घेऊन चालायचे. पाय भाजले तरी चालंल, रस्ता झिजायला नको! पण खरा जीव शाळेवर. रोज खिडकीत उभं राहून आत शिकवतायत का बघायचे. म्हणायचे, "डांबर पावसात जाणार. कर्जातलं काय उरलं तर ह्या पोरांच्या डोक्यात उरंल."

मी दुसरीतनं पळालेला. शाळेच्या भिंतीवरनं उडी मारली, ती थेट कर्जतच्या फार्महाऊसच्या मोरीत भांडी घासायला. एकदा विचारलं, "मामा, मग माज्या डोक्यात काय उरलं?" ते गंभीर होऊन म्हणाले, "जावई, तुमी बुडीत खातं. तुमच्याकडनं वसुली नाय. आता पोरीकडं बघा." हे मी फार्महाऊसच्या पाव्हण्यांना रंगवून सांगतो. ते हसतात, वर बक्षीस देतात. मी घेतो.

औंदा सासऱ्यांचे गुडघे गेले. आता शेजारच्या त्यांच्या घरातनं, भिंतीपलीकडनं, खाटेवरनं, रोज सकाळी हाक येते, "जावई, पोरगी शाळेत गेली ना?" काल फार्महाऊसवर लग्न होतं. गोणीभर लसूण सोलायचं काम मी घरी आणलेलं, आन् आठवीतल्या पोरीला त्याला बसवलेलं. हाक आली. मी म्हटलं, "गेली, मामा."

"ब्येस झालं," ते म्हणाले आन् खाट कुरकुरवत कूस बदलून झोपले.

पोरीचा हात थांबला. माज्याकडं बघितलं असतं तर मी कायतरी गंमत केली असती. तिनं बघितलंच नाय.

"ऊठ," मी हळूच म्हटलं.

"बाई ओरडतील, बाबा."

"मी येतो संगं. मला ओरडू दे."

बाई मला ओरडल्या, पोरगी वर्गात गेली. घरी येऊन एकटाच लसूण सोलत बसलो. पलीकडं सासरे निवांत घोरत होते. त्यांना उठवून सांगावंसं वाटलं, की मामा, गेली बघा, आत्ता खरंच गेली. पण मग आधीचं पण सांगावं लागलं असतं.