चूल न पेटलेला रविवार

नागनाथराव किरपेकर पंचवीसएक वर्षं जयपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, पण राहत होते वाईत. म्हणजे पगार इथला, घरही इथल्याच बापूनगरात, भाजीवाल्याशी भांडण हिंदीत. मन मात्र कायम कृष्णाकाठी. पंचांगसुद्धा पुण्याहून मागवायचे. मी त्यांचा शेजारी, विम्याच्या नोकरीत बदली होऊन आलेला. वाईचा घाट त्यांनी माझ्यासमोर इतक्यांदा उतरून दाखवला होता, की खरं सांगायचं तर मला त्याचा कंटाळा आला होता.

या वाईवेडात त्यांचा एक भागीदार होता, सदाशिव पेंडसे. कॉलेजातला जिवलग मित्र. तरुणपणी नैरोबीला रेल्वेच्या नोकरीवर गेला तो तिकडचाच झाला. निवृत्त झाल्यावर दोघांनी वाईला शेजारीशेजारी घरं बांधायची आणि मध्ये कुंपण घालायचं नाही, असं फार पूर्वी ठरलं होतं. १९६३च्या मार्चमध्ये सदाशिवराव जागा पाहायला म्हणून आले, ते आधी जयपूरला. बायको वारली होती, मुलगा इंग्लंडात स्थायिक झालेला. आता नैरोबीत त्यांना धरून ठेवणारं कोणी उरलं नव्हतं.

नागनाथरावांनी जेवणाला रविवार ठरवला. बेतही ठरवला: पुरणपोळी, कटाची आमटी, भरली वांगी. त्यांच्या पत्नी वासंतीबाई म्हणाल्या, रविवारी बासोडा आहे, चूल पेटायची नाही. बासोडा म्हणजे इथली चैत्रातली शीतला अष्टमी. लेकराबाळांना देवीच्या रोगापासून जपावं म्हणून त्या दिवशी जयपुरात घरोघरी आदल्या दिवशीचं गार अन्न खातात. नागनाथरावांनी पंचांग उघडून बायकोच्या पुढ्यात धरलं. हा फाल्गुन चाललाय, चैत्रातल्या अष्टमीला अजून महिना आहे, असं त्यांचं म्हणणं. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडचा पौर्णिमेला, त्यामुळे आपला फाल्गुन वद्य तो इथला चैत्र, एवढी गोष्ट प्राध्यापकसाहेबांच्या कधी डोक्यात शिरली नव्हती. दरवर्षी गार जेवण पुढ्यात यायचं, ते खायचे आणि उठायचे. वासंतीबाईंनी वाद घातला नाही. शनिवारीच सगळं रांधून ठेवलं.

रविवारी मलाही आमंत्रण होतं. वासंतीबाई पहाटेच्या बसने चाकसूला शीतलामातेच्या जत्रेला जाऊन नुकत्याच परतल्या होत्या. पानात बाजरीची ताकातली राबडी, घाऱ्यांसारखे गोड पुए, दह्यात कालवलेला गोड भात. सगळं गार. नागनाथरावांचं तोंड उतरलं. इतक्या वर्षांनी परदेशातून माणूस आला आणि त्याला शिळं वाढायचं, असं ते दोनदा पुटपुटले. सदाशिवरावांनी राबडी मागून घेतली. नैरोबीतल्या घरात बायको गेल्यापासून आपण एकट्याने रेडिओ लावून जेवतो, असंही त्यांनी सहज सांगितलं.

मग वाई निघालीच. घाटाजवळच्या दोन जागा, विहिरीचं पाणी, आंब्याची कलमं कुठे लावायची. नागनाथराव खुलले. राग विसरून त्यांनी पाटाशेजारी बोटाने नकाशा काढला. सदाशिवरावांनी विचारलं, "वहिनी, स्वयंपाकघर कुठल्या अंगाला हवं ते तुम्हीच सांगा."

वासंतीबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"भावजी, मी वाईला यायची नाही," त्या म्हणाल्या. "माझी शालू इथे आहे."

शालिनी ही त्यांची थोरली मुलगी. जयपूरला आल्यावर थोड्याच दिवसांत तिला आणि धाकट्या विभाला एकदमच देवी आल्या. विभा वाचली, पुढे लग्न होऊन अजमेरला गेली. शालिनी गेली; लहान मूल म्हणून तिला टोंक रस्त्याच्या कडेला पुरलं होतं. चाकसूची बस तिथूनच जाते. विभासाठी बोललेला नवस वासंतीबाई दरवर्षी फेडत होत्या, आणि जाता-येता खिडकीतून त्या जागेला हात जोडत होत्या. हे त्यांनी आम्हांला सांगितलं ते अगदी कोरड्या आवाजात. नवऱ्याने इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनीही सांगितलं नव्हतं.

नागनाथरावांनी पाटाशेजारी नकाशा काढलेल्या जागेवरून तळहात फिरवला. मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच ओसरला.

"सदा," ते म्हणाले, "एकच घर बांध."

सदाशिवरावांनी मान हलवली. त्यांनी आग्रह केला नाही. त्या माणसाची मला फार दया आली. दुसऱ्या दिवशी ते गाडीने निघून गेले.

पुढे नागनाथराव निवृत्त होऊन बापूनगरातच राहिले. वाईचा घाट मला पुन्हा ऐकावा लागला नाही. माझी साताऱ्याला बदली झाली, आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडी कामासाठी वाईला गेलो असताना सदाशिवरावांचं घर विचारत गेलो. घर एकच होतं. शेजारची जागा मोकळी, कुंपण नाही. त्यांनी जेवायला बसवलं. दहीभात, पुऱ्या, सगळं गार.

मला वाटलं, एकटा माणूस आहे, रोजच रांधत नसेल. पण ते स्वतःहून म्हणाले, "आज चूल पेटवत नाही मी. आज आपल्या शालूची अष्टमी."

त्या मुलीला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. मी भात मागून घेतला.