करडीच्या ओसरीवर पेशींचे लेसर

"भंडाऱ्यात काय बघणार तू?" असं घरच्यांनी विचारलं. माझी हॉस्टेलमधली मैत्रीण प्रणाली सुट्टीत तिच्या गावी, करडीला निघाली होती आणि तिला सोबत हवी होती, एवढंच. प्रणाली प्रयोगशाळेत जिवंत पेशींच्या आत लेसर ठेवते. हो, आत! तिच्या बाबांनी मात्र गेल्या सहा वर्षांत फोनवर एकच प्रश्न विचारला होता, "जेवली का?" या खेपेला आपलं काम त्यांना समजावून सांगायचंच, असा तिनं चंग बांधला होता. दहावीनंतर विज्ञानाला रामराम ठोकलेल्या मला आधी समजलं, तर बाबांनाही समजेल, असा तिचा हिशेब.

जायचं तर डिसेंबरात जा. नागपूरहून सकाळची गाडी धरून तुमसर रोडला उतरा आणि स्टेशनाबाहेर गरम आलुबोंडे खाऊन घ्या, पुढे फारसं काही मिळत नाही. शेअर ऑटोवाल्यानं माणशी पन्नास सांगितले. प्रणालीनं गावची बोली काढताच तीस झाले. वैनगंगेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्यांत लाखेच्या डाळीचं हिरवंगार पीक, इकडची लाखोरी. रस्ता मात्र खड्ड्यांचा, आपली कंबर सांभाळून बसा.

प्रणालीचे बाबा, सोमाजीकाका, चाळीस वर्षं गावाची गुरं राखत होते. आता गुडघे साथ देत नाहीत. ओसरीच्या खुंट्यांवर त्यांनी स्वतः कोरलेल्या लाकडी घंटा टांगलेल्या होत्या. मी एक वाजवली, मग दुसरी.

"एकीचा आवाज दुसरीसारखा नाही, पोरी," काका म्हणाले. "झाडीत ढोर दिसत नाही. कोन कुठी हाये, चरून राहिलं का पळून राहिलं, सारं घंटीवरून समजते."

लाखोरीचे वडे आणि वालाच्या शेंगांची भाजी चापून झाल्यावर प्रणालीनं ओसरीवरच लॅपटॉप उघडला. पासवर्ड तिनं दोनदा चुकवला. परीक्षेच्या दिवशीसुद्धा मी तिला अशी पाहिली नव्हती.

पडद्यावर हृदयाची एक पेशी होती. बशीत ठेवलेली, एकटी, तरी धडधडणारी. तिच्या पोटात एक इवलासा मणी, केसाहूनही कितीतरी बारीक. पेशीनं तो स्वतःच गिळलेला. बाहेरून प्रकाश दिला की तो मण्याच्या कडेनं आतल्या आत गरगर फिरतो आणि मणी स्वतःच्या रंगाचा लेसर फेकू लागतो. प्रत्येक मण्याचं माप किंचित निराळं, म्हणून रंगही निराळा. हजारोंच्या गर्दीत ती एकच पेशी ओळखता येते. पेशी आकसली की तो रंग जरासा सरकतो. डोळ्याला कळत नाही, यंत्राला कळतं. त्यावरून तिचा प्रत्येक ठोका मोजायचा.

माझ्या अंगावर काटा आला. असंच काहीतरी माझ्या छातीत या क्षणी चाललंय, तेही मी न सांगता, या विचारानं माझा हात आपोआप छातीवर गेला.

काका पडद्याजवळ सरकले. "हे जित्तं हाये?"

"हो बाबा."

"त्याले दुखत नाही ना?"

"नाही."

ते त्या लुकलुकत्या मण्यावर आणखी वाकले. मग म्हणाले, "म्हंजे तू घंटी बांधली याले."

"हो, घंटीच," प्रणाली म्हणाली.

"अन् मनी गिळल्यावर मोजते कवा?" काकांनी विचारलं.

"त्याच दिवशी, बाबा."

काकांनी नकारार्थी मान हलवली. "नवी घंटी बांधली का ढोर दोन रोज बुजते. बरोबर चरत नाही. त्या दोन रोजचं पाहून मी कोनाले सांगत नव्हतो का तुमची गाय बिमार हाये. तू बी थांबत जा."

प्रणालीनं मोजणीच्या तारखा उघडून पाहिल्या. सहा महिन्यांतली प्रत्येक मोजणी तिनं पेशींनी मणी गिळला त्याच दिवशी केलेली होती. ठोका थोडा अडखळतो, तो पेशीचा स्वभाव असं धरून ती चालली होती.

"पुन्हा मोजावं लागन," ती पुटपुटली आणि एकदम हसायला लागली, डोळे पुसत. "इतके वर्सं काहून नाही विचारलं, बाबा?"

"विचारलं असतं अन् मले समजलं नसतं, तं तुले वाईट वाटलं असतं," काका म्हणाले.

परतीच्या गाडीत प्रणाली वहीत काहीतरी लिहीत होती आणि मी खिडकीतून नुसती बघत होते. प्रत्येक झाड, प्रत्येक बगळा आतून धडधडतोय असं वाटत होतं.

या सहलीचे माझ्याकडे जेमतेम चार फोटो आहेत, त्यातले दोन वड्यांचे. पण मनगटावर बोट ठेवून नाडी बघायची सवय लागली आहे, आणि दर वेळी तेवढंच नवल वाटतं.

परवा प्रणालीचा फोन आला. दोन दिवस थांबून मोजलं, तर ठोके अगदी नीट पडत होते. तिची जुनी मोजणी बाद झाली होती, तरी आवाजात आनंद मावत नव्हता. बाबांना तिनं अजून कळवलं नव्हतं, संध्याकाळी त्यांचाच फोन येणार होता; आता ते रोज स्वतःच फोन करतात.

"आता पहिला प्रश्न काय असतो, माहितीये?" ती म्हणाली. "'जेवल्या का त्या पेशी?' माझा नंबर त्यानंतर."