मुंजाजीचा हात वेगळा मोजा

मुंजाजीला जन्मापासून ऐकू येत नाही, पण गडी कधी ग्रामसभा चुकवायचा नाही. त्या दिवशी मेंढरं शेजाऱ्याकडं सोपवायची, धुतलेलं धोतर नेसायचं अन् शाळेच्या व्हरांड्यात पुढच्या रांगेत जाऊन बसायचं. वालूरकडच्या त्या लहानशा गावात ठराव आवाजावरच व्हायचे. ग्रामसेवकानं वाचायचं, चार जणांनी "मंजूर, मंजूर" म्हणायचं, की झालं. मुंजाजी आपला सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहायचा.

अशाच एका सभेत गायरानाचा मोठा तुकडा झाडं लावायला गेला. मुंजाजी मेंढरं घेऊन गेला तर समोर तारेचं कुंपण. घरी येऊन त्यानं बायकोला, अंबाबाईला, खुणांनी विचारलं, मी तर तिथंच बसलो होतो, मग हे ठरलं कधी?

सभेच्या दिवशी शेळी व्यायला झाली म्हणून अंबाबाई घरीच राहिली होती. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला चुलीच्या आधी ह्या खुणा शिकवल्या होत्या. मिशीला पीळ दिला की सरपंच, कानाशी बोटं वळवली की मेंढरू, अन् नाकाला बोट लावलं की खुद्द अंबाबाई, तिच्या चमकीवरून. नवऱ्याचा तो प्रश्न तिला जेवू देईना.

सेलूच्या बाजाराला गेली तेव्हा ती धम्मशीलाताईंना भेटली. ताई तिथं वकिली करतात, स्वतः कुबडीवर चालतात. त्या म्हणाल्या, अपंगांच्या हक्काचा कायदा २०१६ सालीच झालाय, सभेत त्यांना बरोबरीनं भाग घेता आलाच पाहिजे. पण कायदा दिल्लीहून आपल्या पायांनी गावात येत नसतो, त्याला हाताला धरून आणावं लागतं. आधी महिलांच्या सभेत ठराव घे, मग तो मोठ्या सभेपुढं ठेवावाच लागतो.

अंबाबाई पोखर्णीला गेली अन् नरसिंहापुढं नारळ फोडलं. नवऱ्याचे कान काही तिनं मागितले नाहीत. एवढंच म्हणाली, देवा, ह्यांचं बोलणं माझ्या तोंडून जाणार हाय, त्यात माझं काही मिसळू देऊ नको.

महिलांच्या सभेत तिनं मांडलं, की मतं हात वर करून घ्यावीत. तेव्हा दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या सरजाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "अन् मला ते हात कोण दाखवणार गं?" बाया हसल्या. अंबाबाई ओशाळली. एकाला आत घेताना आपण दुसरीला बाहेर ठेवायलो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग ठरावात भर पडली, की विषय ज्याला जसा कळेल तसा आधी कळू द्यायचा, हात मोजायचे अन् आकडा मोठ्यानं सांगायचा.

एक मेच्या ग्रामसभेत ठराव आला. सरपंच आबासाहेब वाईट माणूस नव्हे, पण घाईचा. "सूनबाई," ते म्हणाले, "तुझी सासू गेल्यापासून मुंजाजीच्या खुणा गावात तुला एकटीलाच कळतेत. तू सांगशील तेच त्याचं मत. म्हणजे तुझीच दोन मतं पडायची."

"बाकीच्या घरी तरी दुसरं काय हाय?" मागून कुणीतरी बोललं, अन् सभा हसली.

अंबाबाईला हसू आलं नाही. आबासाहेबांचं बोलणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, एक डाव तसं करून बघा, न्हाई पटलं तर ठराव सोडून द्या. आबासाहेब कबूल झाले. पुढचा विषय हातानं घेऊ अन् मग बघू, म्हणाले.

पुढचा विषय होता पाण्याच्या टाकीचा. जागा ठरत होती ती गायरानाच्या उंचवट्यावरची, मुंजाजीच्या घरालगतची. टाकी तिथं झाली की अंबाबाईच्या दारात नळ येणार होता. लांबून हंडे वाहून तिची मान गेलेली, हे सगळ्या गावाला ठाऊक. तिनं मुंजाजीला सगळं समजावलं, नळाचंसुद्धा. त्यानं जरा विचार केला अन् हात हलवले. अंबाबाईचा चेहरा उतरला. एखादी खूण इकडची तिकडं केली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण पोखर्णीचं नारळ तिला आठवलं.

पदर सावरून ती उभी राहिली. "ते म्हणायलेत, टाकी तिथं नको. पावसाळ्यात मेंढरं बसवायला तेवढीच कोरडी जागा उरली. शाळेमागं बांधा." मग म्हणाली, "मला मात्र टाकी तिथंच पाहिजे, मामंजी. माझा हात वर हाय, त्यांचा खाली हाय. दोन्ही निराळे मोजा."

आबासाहेब स्वतः उठून रांगेरांगेतून हात मोजत गेले, अन् सरजाबाईंना ऐकू जाईल असा आकडा बोलले. मुंजाजीचं ऐकून बाकीच्या मेंढरंवाल्यांनीही हात खालीच ठेवले होते. वरचे हात कमी भरले, अन् टाकी शाळेमागं गेली. त्यानंतर हातांचा ठराव हातांनीच मंजूर झाला. त्याला मुंजाजीनं दोन्ही हात वर केले. आबासाहेबांनी मोजताना एकच धरला.

अंबाबाई अजून शाळेमागून पाणी आणते. कुणी चिडवलं तर म्हणते, "पडले, पण मोजून पडले." अन् एक हंडा आता मुंजाजीच्या खांद्यावर असतो.