नवव्या दिवसाचं सिमकार्ड

आमच्या कांबुगासन गावात मोबाइलला कुठलं कार्ड घालावं हे नांग एउस्टोलियाला विचारल्याशिवाय कोणी ठरवत नाही. नांग म्हणजे थोरली बहीण; तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंही तिला नांगच म्हणतात. तिच्या दुकानात साबण, सुकी मासळी आणि सिमकार्डं मिळतात. शिवाय गावात कोणी वारलं की नऊ संध्याकाळी प्रार्थना सांगायला तिलाच बोलावणं जातं. हे दोन उद्योग एकमेकांपासून लांबचे वाटतात, पण तसं नाही.

गावातली निम्मी कर्ती माणसं परदेशी असल्याने आमचे संसार इंटरनेटवरच्या फोनवरच चालतात, भांडणंसुद्धा. नेट पारखताना बाकीचे लोक वेगाचा आकडा बघतात. नांग लितानी, म्हणजे संतांच्या नावांची प्रार्थना, म्हणते. ती एकेका संताचं नाव घेऊन हाक मारते, पलीकडच्याने दर वेळी ‘आम्हांसाठी विनंती कर’ म्हणायचं. उत्तर जागेवर पडलं तर कार्ड चांगलं. उशिरा आलं तर ते पुढच्या हाकेवर आदळतं आणि कोणी कोणासाठी विनंती करायची याचा स्वर्गात घोटाळा होतो.

यंदा मार्चमध्ये होड्या बांधणारा तिबुर्सियो गेला. त्याचा एकुलता एक मुलगा एलपिडियो आयर्लंडमध्ये वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करतो. बापाच्या मातीला यायला त्याला रजा मिळाली नाही. नवव्या दिवशीची लितानी मुलाने सांगावी, ही तिबुर्सियोची शेवटची इच्छा होती. त्याने स्वतःच्या बापाची सांगितली होती. आमच्याकडे मध्येच खंडलेली लितानी पहिल्यापासून धरावी लागते, आणि तीनदा खंडली तर ती दुसऱ्याच्या तोंडी जाते.

तिबुर्सियोची विधवा मेलिटोना नांगला म्हणाली, “पोरगं येऊ शकलं नाही. निदान त्याचा आवाज तरी अख्खा येऊ दे.”

नांगने तीन कार्डं काढली: गरुड, डॉल्फिन आणि कंदील. कंपन्यांची नावं लांबलचक आहेत, आम्ही वेष्टनावरच्या चित्रावरून ओळखतो. जहाजावर तीस वर्षं बिनतारी यंत्र सांभाळून आलेले क्रिस्पुलो, ज्यांना गाव नोंग म्हणजे थोरला भाऊ म्हणतं, भर दुपारी किनाऱ्यावर उभे राहून गरुडाचा वेग मोजून आले.

“साठ!” ते म्हणाले.

“भर दुपारी? गाव झोपलेलं असताना?” नांग म्हणाली. “आणि नोंग, एलपिडियोला सिनेमा पाठवायचा नाहीये. तांदळाची पोती एकदम आणून टाकली तरी चालतात. बोलणं एकामागून एक यावं लागतं.”

“तू मला शिकवणार?”

“तुम्ही शिकणार असाल तर.”

ती रोज संध्याकाळी सहाला, मेलिटोनाच्याच घरात, तिबुर्सियोच्या फोटोपाशी फोन ठेवून एलपिडियोला लावायची. तिकडे सकाळचे दहा. मेलिटोनाला मुलाचा चेहरा हवा होता. नांगने कॅमेरा बंद केला. “चेहरा नेट खातो. आवाज पुरे.” गरुडावर उत्तरं अडून राहायची आणि मग चार एकदम यायची. डॉल्फिन दर पाच-सहा ओळींमागे एक शब्द गिळायचा. कंदिलावर साधा फोटो उघडेना, पण प्रत्येक उत्तर जागच्या जागी. चौथ्या संध्याकाळी निकाल लागला: कंदील.

निकाल गावभर झाला. आठव्या संध्याकाळी नांगने शेवटची तालीम घेतली, तर कंदिलावर एलपिडियो तुकड्यातुकड्यांनी येऊ लागला. नांगने फोनकडे बघितलं, मग अंगणात बसलेल्या मंडळींकडे. प्रत्येकाच्या हातात फोन होता.

“कंदील कोणाकोणाकडे आहे?”

जवळजवळ सगळे हात वर.

“तूच विकलेस की,” नोंग क्रिस्पुलो आनंदाने म्हणाले. “चार दिवस दुकानापुढे रांग होती.”

“हो. मूर्खपणा माझाच.” ती इतकं सरळ म्हणाली की नोंगची पुढची तीन वाक्यं वाया गेली. “आता गरुडावर कोण उरलंय?”

हात खाली गेले. अखेर नोंगनीच हात वर केला. तत्त्वाचा प्रश्न होता.

नांगने गरुड घातलं. चाळीस हाका, चाळीस उत्तरं, एकही इकडचं तिकडे नाही.

“साठ!” नोंग म्हणाले.

“वाट रिकामी आहे म्हणून, नोंग. उद्या तुमचा फोन बंद ठेवा.” मग घरी जाऊन तिने दुकानाची फळी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातजण गरुड मागायला आले. तिने आतूनच सांगितलं, “परवा या.”

नवव्या संध्याकाळी केळीच्या पानात बांधलेल्या चिकट भाताचे ढीग रचले गेले, माणसं फाटकाबाहेरपर्यंत बसली. फोन फोटोपुढे, त्याला चर्चचा कर्णा जोडलेला. एलपिडियोने हाक दिली, साठ-सत्तर माणसांनी उत्तर दिलं, उत्तर संपल्यावर त्याने पुढची हाक दिली. एकदाही कोणी कोणावर आदळलं नाही. मेलिटोना डोळे मिटून बसली होती. मुलगा शेजारी बसल्यासारखी थोडी एका बाजूला सरकून.

शेवटी बापाचं नाव घ्यायची ओळ आली आणि कर्णा गप्प झाला.

“तुटलं!” नोंग उठले. “बंद करून परत लावा!” कोणाचा तरी हात फोनकडे गेला.

नांगने तो मनगटापाशी धरला. “हात लावू नका. ऐका.”

ऐकलं. लांब कुठेतरी कप बशीवर ठेवल्याचा आवाज झाला. एक म्हातारी खोकली.

“लाइन तुटली की खोकला येत नाही,” नांग म्हणाली. “लाइन चालू आहे. तो थांबलाय.”

मेलिटोना फोनपाशी सरकली. “सावकाश, बाळा. आम्ही सगळे बसलोय.”

“हो, आई.”

अजून एकदा कप वाजला. मग एलपिडियोने बापाचं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. आम्ही उत्तर दिलं. ते त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत तो थांबला, आणि मगच आमेन म्हणाला.