टूनगॅबीची आजी आणि बालीतली पाल

मंगळवारी सकाळी माझ्या डोक्यावर पाल होती आणि कानात लीलाआजी. (नाव बदललंय. त्यांना विचारूनच लिहितेय.)

थोडं मागे जाते, नाहीतर कळणार नाही. मी मेलबर्नच्या क्रेगीबर्नला राहते, म्हणजे माझं सामान तिथे राहतं... युनिव्हर्सिटी अर्धवट सोडल्यापासून मी फारशी एका जागी टिकलेली नाही. सध्याचं काम फोनवरचं आहे. ऑस्ट्रेलियात एकट्या राहणाऱ्या आपल्याकडच्या वयस्कर लोकांना रोज सकाळी फोन करायचा, ठीक आहात ना, गोळ्या घेतल्या ना विचारायचं, आणि पुढचा नंबर लावायचा.

मेलबर्नच्या थंडीत दोन स्वेटर घालून हेच विचारत बसले होते, तेव्हा वाटलं, फोन तर कुठूनही करता येतो. मॅनेजर म्हणाली, नो वरीज, फक्त नेट चांगलं ठेव. आले महिन्याभरासाठी बालीला.

तुम्हाला वाटत असेल, समुद्र, लॅपटॉप, शेजारी शहाळं. शहाळं आहे, आणि इथे ते ज्या पद्धतीने सोलतात ना... असो. उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि वाळू कीबोर्डमध्ये जाते. वायफाय होमस्टेच्या स्वयंपाकघराबाहेरच नीट येतं. त्यामुळे माझं ऑफिस म्हणजे तिथलं प्लॅस्टिकचं टेबल, वर ट्यूबलाइट आणि ट्यूबलाइटमागे पाल.

लीलाआजी सिडनीला, टूनगॅबीत एकट्या राहतात. मूळच्या मालवणच्या, जीभ तिखट. पहिल्याच आठवड्यात बोलता बोलता पाल चुकचुकली आणि त्यांनी मला मध्येच तोडलं.

"पाल आहे तुझ्याकडे? माझ्या घरात इतक्या वर्षांत एक पाल बोलली नाही गो. मेलबर्नला बोलतात?"

सांगावंच लागलं, बालीत आहे म्हणून.

"कामाला गेलीस का उंडारायला?"

"दोन्ही, आजी."

"मग बरं."

त्यांच्या गावी कोणी बोलत असताना पाल चुकचुकली की बोललेलं खरं धरतात. लगेच बोटांनी टकटक करायचं आणि 'कृष्ण कृष्ण' म्हणायचं. मग आमचा खेळच झाला. "माझ्या सुनेला चहा करता येत नाही," म्हणायच्या आणि थांबायच्या. पाल बोलली की तिकडे टेबलावर टकटक, कृष्ण कृष्ण, "बघ, मी नाही म्हणत, ती म्हणतेय."

इथली घरमालकीण वायान (मी तिला ताईच म्हणते) मला टकटक करताना बघून हसली. त्यांच्याकडेही पाल बोलली की ते खरंच असतं म्हणे... इतक्या लांब आले आणि पालीचा धर्म एकच निघाला.

तर मंगळवार. नेहमीसारखं विचारलं, काय आजी, बऱ्या आहात ना?

"ठणठणीत," आजी म्हणाल्या. आणि थांबल्या.

पाल अगदी माझ्या डोक्यावर होती. बोलली नाही. मीही थांबले... एरवी एव्हाना मी पुढचा प्रश्न विचारला असता.

"नाही ना बोलली?"

"नाही, आजी."

"शहाणी आहे," त्या म्हणाल्या. मग हळूहळू बाहेर आलं. परवा बाथरूममध्ये पडल्या होत्या. पाय टेकवत नव्हता. खुर्चीत बसल्या होत्या त्या बसल्याच होत्या... आणि गेले दोन दिवस मी फोन करून, 'ठीक' ऐकून, पुढचा नंबर लावत होते.

"सुहासला सांगू नकोस." सुहास त्यांचा मुलगा, पर्थला असतो. "तो वाटच बघतोय मला म्हाताऱ्यांच्या होममध्ये टाकायची. हे घर गेलं की मी संपले. तू नाही सांगितलंस तर कोणाला कळणार आहे?"

कोणी पडलं तर ऑफिसला कळवायचंच, हा नियम आहे. पण नियम आठवायला मला वेळच लागला, कारण ती बाई मला आपलं घर मागत होती.

शेवटी म्हणाले, आजी, अ‍ॅम्ब्युलन्स मी बोलावणारच, ऑफिसलाही कळवणारच. पण सुहासदादाला तुम्ही स्वतः सांगा. तो इकडूनतिकडून ऐकेल तर घाबरून ठरवेल. मी लाइनवर थांबते.

"तू थांबशील ना?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "लाव."

त्यांनी सांगितलं. तो रागावला नाही... रडला. मला तिथे असायला नको होतं असं वाटलं, पण थांबते म्हटलं होतं.

खुब्याच्या हाडाला चीर गेलीय. सुहासदादा त्याच दिवशी विमानात बसला. होमचं काय ते अजून ठरलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, बघू.

काल आजींनी हॉस्पिटलमधून स्वतः फोन केला. "आहे का ती तिथे?"

वर पाहिलं. होती.

"मी माझ्या घरी परत जाणार," आजी म्हणाल्या.

आम्ही थांबलो. पंखा फिरत होता, वायानताई तांदूळ निवडायची थांबली होती. पाल ढिम्म. मला राहवलं नाही... जिभेनेच आवाज काढला. चुक् चुक् चुक्.



"ही पाल क्रेगीबर्नची आहे," आजी म्हणाल्या.

आणि मग ऐकू आलं, कशावर कोण जाणे, बहुतेक पलंगाच्या कठड्यावर... टक टक टक. "कृष्ण कृष्ण."

पुढच्या आठवड्यात परत येतेय. विमान मेलबर्नचं होतं, सिडनीचं करून घेतलंय. काम तेच आहे, प्रश्नही तेच. फक्त 'ठीक आहे' ऐकल्यावर आता मी जरा थांबते... आणि त्यासाठी ट्यूबलाइटमागच्या त्या बाईची मी आयुष्यभर ऋणी आहे.