न केलेल्या सहलीचा अहवाल

आमचं कॉलेज बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्याला, उसाच्या मधोमध होतं. खालचा मजला बांधून झाला होता आणि वरच्या मजल्याच्या सळया गंजत होत्या. नव्वदीतल्या त्या वर्षांत आमच्या भागात कुणाचं थोडं नाव झालं की त्याला कॉलेज काढावंसं वाटायचं. नुसती शाळा काढण्यात आता तेवढा मान उरला नव्हता. ग्रंथालयाला कुलूप असायचं आणि ज्या शिपायाकडे किल्ली, तो अध्यक्षांच्या उसाला पाणी धरायला गेलेला असायचा. माहितीपुस्तिकेत मात्र ‘ग्रामीण मुलींच्या उच्च शिक्षणासाठी कटिबद्ध’ असं ठळक छापलेलं होतं. ते वाचून माझे वडील खूश झाले. ते पंचायत समितीत कारकून होते आणि छापील मजकुरावर त्यांचा फार विश्वास होता.

मी कन्हेरीहून यायचे. माझी मैत्रीण लोणी भापकरची. बारामतीत मामाकडं राहून शिकत होती. तिच्या घरी पूर्वी मेंढरं होती. दिवाळी झाली की सगळं घर कळपामागं कोकणात उतरायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचं. लहानपणी ती या वाटा पायी चालली होती. पुढं वडिलांनी मेंढरं विकून गाई घेतल्या आणि ती शाळेत रमली. भूगोल तिला मनापासून आवडायचा. मला मराठीचे सर आवडत नव्हते म्हणून मी भूगोलाकडं वळले, एवढंच.

बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला एक विशेष विषय घ्यावा लागे. आम्ही दोघी प्रवेश घ्यायला गेलो तेव्हा फळ्यावर नोटीस होती, की भूगोलाला अभ्याससहल सक्तीची असल्यामुळे विद्यार्थिनींनी तो विषय घेऊ नये. आम्ही प्राचार्यांकडं गेलो. ते फार गोड बोलणारे गृहस्थ होते. सोन्यासारख्या पोरी तुम्ही, बाहेरगावी काही बरंवाईट झालं तर तुमच्या आईबापांना मी काय तोंड दाखवू, असं ते म्हणाले. त्याच सहलीत मागच्या वर्षी मुलांनी हॉटेलवाल्याशी मारामारी केली होती. मुलांच्या आईबापांना तोंड दाखवण्याची चिंता त्यांना कधी पडलेली दिसली नाही.

दोन दिवसांनी मैत्रिणीचे वडील आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. प्राचार्यांनी त्यांना ‘आबा, आबा’ करत खुर्ची दिली, चहा मागवला आणि घाटरस्ते किती अवघड, जमाना किती वाईट, हे सगळं समजावून सांगितलं. आबांनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाले, “सायेब, ही आठ वर्साची आस्ताना वरंध्याच्या घाटातनं मेंढरांमागं कोकणात उतरलीय. रानात उघड्यावर निजलीय. तवा काय झालं न्हाय. आता तुमच्या गाडीत बसून गेल्यावर काय हुईल?”

प्राचार्य हसले. “तेव्हाची गोष्ट वेगळी, आबा. तेव्हा ती शिकलेली नव्हती.”

शिकल्यावर मुलीला घाट का चढता येऊ नये, हे मला आजवर कळलेलं नाही. आबांनाही कळलं नसावं, पण ते खुर्चीवरून उठले नाहीत. शेवटी दुपारच्या जेवणाची वेळ टळायला लागली तेव्हा प्राचार्यांनी तोडगा काढला. मुलींना भूगोल मिळेल. सहलीला मात्र नेणार नाही. आणि सहलीचा अहवाल विद्यापीठाच्या नियमानुसार सक्तीचा असल्यानं तो मुलींनाही द्यावा लागेल. आम्ही विचारलं, न जाता लिहायचं काय? तर ते विभागप्रमुख बघतील, असं उत्तर आलं.

विभागप्रमुखांनी बघितलं. हिवाळ्यात मुलं महाबळेश्वरला गेली आणि सरांनी जाता जाता आम्हाला कपाटातला एक जुना अहवाल काढून दिला. कुठल्यातरी हुशार मुलानं तो कधीकाळी लिहिला होता. हा उतरवून काढा, म्हणाले, आकृत्या नीट काढा, आकृत्यांना मार्क असतात.

मैत्रिणीनं तो वाचला आणि मिटून ठेवला. “आपुन जाऊन येऊ,” ती म्हणाली. घरी विचारलं तेव्हा माझ्या वडिलांनी नियम काय आहे ते आधी विचारलं; आबा सोबत येणार हे कळल्यावर हो म्हणाले. मग एसटीनं फलटण, वाई, पाचगणी अशा गाड्या बदलत आम्ही तिघं महाबळेश्वरला पोचलो. धर्मशाळेत उतरलो, घरून आणलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. दिवसभर पायी हिंडलो. डोंगराच्या माथ्यावर तांबडा जांभा आणि खाली काळा खडक, हे पुस्तकात आम्ही पाठच केलं होतं. तिथं ते उन्हात समोर उभं होतं, आणि मी पहिल्यांदा विषय आवडून काहीतरी वहीत लिहून घेतलं. सावित्रीच्या खोऱ्यावरच्या कड्यावर आबा बराच वेळ बसून राहिले. खालच्या बाजूला हात करून त्यांनी लेकीला विचारलं, आठवतं का गं? ती म्हणाली, वरनं कधी बघितलंच न्हाय, आपुन कायम खालनंच चाललो. त्या वेळी तिचा चेहरा इतका उजळला होता, की मी दुसरीकडं बघितलं.

आम्ही दोघींनी आपापला अहवाल लिहिला. तिचा चांगलाच झाला होता. सरांनी तो चाळला आणि विचारलं, कुणाच्या परवानगीनं गेलात? आम्ही म्हटलं, घरच्यांच्या. त्यावर त्यांनी आम्हाला सहलीची व्याख्या सांगितली: कॉलेजनं नेली तर ती अभ्याससहल, स्वतः गेलं तर ती मौजमजा. मौजमजेचा अहवाल विद्यापीठाला चालत नाही. दिलेला अहवालच उतरवून आणा.

म्हणजे पाहून लिहिलेलं खोटं आणि न पाहता उतरवलेलं खरं ठरलं. आम्ही निमूट उतरवायला बसलो. त्याची गंमत अशी, की सहलीला गेलेली मुलंही तेच करणार होती. त्यांनी वेण्णा तलावात होडीतून फेऱ्या मारल्या होत्या, स्ट्रॉबेरी खाल्ली होती, कड्यांपर्यंत कुणी गेलंच नव्हतं. ती मुलं आमच्याकडं येऊन विनवू लागली, तुमचं उतरवून झालं की आम्हाला द्या. आम्ही दिला. साऱ्या वर्गाचा अहवाल अक्षरशः एक झाला.

मूळ अहवाल मुलाचा, त्यामुळं त्यात ‘मी पहाटे उठलो’, ‘मी थक्क झालो’ असं होतं. मी सगळीकडं ‘उठले’, ‘झाले’ केलं. मैत्रिणीनं एक अक्षरही बदललं नाही. मला वाटलं, रागानं हात चालवताना तिचं लक्ष नसेल.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. दोघींना एकदमच आत बोलावलं. शेजारी आमचे विभागप्रमुख बसले होते. परीक्षकांनी मैत्रिणीचा अहवाल उघडला आणि चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं.

“मुलगी असून ‘उठलो’ लिहिलंस?”

“सर, जो उठला होता त्यानंच लिवलंय ते,” ती शांतपणे म्हणाली. “आमाला नेलंच न्हाय.”

विभागप्रमुख खोकले. परीक्षकांनी मुलांचे अहवाल ओढून दोन-चार पानं चाळली. त्यांना सगळं कळलं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. आता काही होईल असं मला वाटलं. तेवढ्यात पोहे आले. परीक्षकांनी अहवाल बाजूला सरकवले, पोह्यांवर लिंबू पिळलं आणि पुढच्या मुलाला पाठवायला सांगितलं.

निकालात अहवालाच्या मार्कांत तिला जेमतेम पास केलं होतं. मला तिच्यापेक्षा बरे मार्क पडले आणि होडीवाल्या मुलांना आम्हा दोघींपेक्षाही जास्त. तिचा पहिला वर्ग तेवढ्यानं हुकला. ती रडली नाही. अंगणात बसून शेणी थापत राहिली, असं तिच्या आईनं मला सांगितलं.

पुढच्या वर्षी कॉलेजनं अभ्याससहलच बंद केली. मुलामुलींत भेदभाव नको, असं प्राचार्यांनी सभेत सांगितलं आणि टाळ्या पडल्या. अहवाल मात्र सक्तीचा राहिला. बारामतीच्या एसटी स्टँडवर भेटली तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती त्या वेळी बी. एड. करत होती.

“बरं झालं,” ती म्हणाली. “आता पोरंबी हितंच बसून थक्क हुतील.”