गढूळ तळ्यातला मासा

चंद्रपूरच्या शिक्षक-प्रशिक्षणात ज्या उदाहरणावर मला टाळ्या मिळाल्या, ते माझं नव्हतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

ते होतं आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचराचं. नव्वदच्या दशकात मी नागभीडकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवत होतो. तो माझ्याहून वयाने मोठा, तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातला, दहावी पास. सगळे त्याला भाऊ म्हणत. रद्दीतल्या मासिकांत त्याला एक परदेशी शास्त्रज्ञ सापडला होता. अणूच्या आतलं गणित मांडणाऱ्या पहिल्या काही जणांतला. कमालीचा अबोल, कोटबूट घालून झाडावर चढणारा. भाऊ त्याच्याबद्दल बोलायचा ते चुलतभावाबद्दल बोलावं तसं.

"एकडाव साहेबाच्या भाषणात एक जण उठला," भिंगं पुसता पुसता तो पोरांना सांगे. "म्हणे, फळ्यावरचं मले समजलं नाई. साहेब चूप. सारे पाहून राह्यले. मंग साहेब म्हणते, ह्यानं सवाल कुठी केला? ह्यानं तं आपलं सांगतलं!"

पोरं हसून लोळायची. माझ्या तासाला तीच पोरं जांभया देत.

इलेक्ट्रॉनची जागा आणि वेग एकाच वेळी नेमके का कळत नाहीत, यावर मी दोन तास फळा भरला. मागून भाऊ म्हणाला, "सर, गढूळ तळ्यात मासा कुठी आहे, हात घातल्याबिगर समजत नाई. अन् हात घातला का तो पळते."

"हाव, हाव!" अख्खा वर्ग. मीही हसलो, पण आतून जळत होतो. एम.एस्सी. मी झालो होतो ना!

पुढच्याच महिन्यात प्रशिक्षणात तो मासा मी माझा म्हणून सांगितला.

मग एके दिवशी भाऊने दोनशेपानी वही आणून दिली. त्या शास्त्रज्ञाचं चरित्र, आपल्या झाडी बोलीत. "सर, पाहून घ्या जरा. नागपूरले कोणी छापन का?"

वाचली. तसं एक पान मला जन्मात लिहिता आलं नसतं. आणि चौथ्या प्रकरणात मासा होता. भाऊला सांगितलं, नागपूरला पाठवली. खरं तर ठेवली माझ्या कपाटात, लोहचुंबकांच्या खोक्याखाली.

वर्षभराने तो दारात येऊन म्हणाला, "सर, वहीचं काई समजलं नाई."

मी हजेरीपटात डोकं घातलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "म्या सवाल कुठी केला?"

हसला आणि परीक्षानळ्या धुवायला गेला. पुन्हा कधी विषय काढला नाही. निवृत्त होऊन गावी गेला, आता तळ्यावर असतो म्हणतात.

वही अजून माझ्याकडे आहे. ती कुठेच पाठवली नव्हती, हे त्याच्यासमोर बोलून त्याच्या हातात द्यायची आहे. आणि मासा त्याचा होता, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना सांगायचं आहे.